खडूचं कडं

आमच्या गल्लीत आधी धुकं यायचं, मग सकाळ. खाडीवरून ते उठे, लव्हाळ्यांतून सरपटत चर्चच्या भिंतीपाशी येई आणि तिथे डॉर्कस पास्कच्या मासे धुरावण्याच्या धुरीघरातला ओकच्या भुशाचा धूर त्यात मिसळून जाई. धुकं कुठे संपलं आणि धूर कुठे सुरू झाला, हे सांगता येत नसे. त्या करड्या पडद्याआड एक खिडकी होती, आणि खिडकीत उजेडाचा एक गोळा तरंगत असायचा. नव्या माणसाला वाटावं, चंद्र वाट चुकून आमच्या गल्लीत उतरला की काय. आम्हाला ठाऊक असे, मिस हेस्टर गॅरड कामाला बसल्या.

त्यांना जाऊन आता बरेच हिवाळे झाले. रोज संध्याकाळची प्रार्थना आटोपली की मी दिवसाचं चार ओळींत टिपून ठेवते. कुणाकडे काय शिजलं, कोण आजारी, कोंबड्यांनी काय केलं, असलंच. आज बाहेर पुन्हा तसंच धुकं पडलंय, आणि चार ओळींत मावणार नाही असं काही मनात आलंय.

मिस गॅरड लाकडात चित्रं कोरत. त्यांचे वडीलही तेच करत. म्हाताऱ्या कॉर्नेलियस गॅरडनी उभा जन्म बियाणांच्या कंपन्यांसाठी कोबी, सलगम आणि वाटाण्याच्या शेंगा कोरण्यात घालवला. बापाचा हात थरथरायला लागल्यावर लेकीनं कोरणी उचलली. आमच्या परसात उगवणारा प्रत्येक कोबी आधी मिस गॅरडच्या टेबलावर उगवतो, असं माझा नवरा वॉल्टर म्हणायचा. त्यांनी लग्न केलं नाही. का नाही केलं, असं एका बाईनं चहाच्या वेळी विचारलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की कुणी विचारलं होतं खरं, पण तेव्हा एक फुलकोबी अर्धा व्हायचा होता.

त्यांची कामाची खोली मला देवळासारखी वाटे. मध्ये टेबल, त्यावर वाळू भरलेली चामड्याची गोल गिरदी, गिरदीवर लाकडाचा ठोकळा. समोर पाण्यानं भरलेला काचेचा गोळा टांगलेला. खिडकीतला सगळा उजेड तो गोळा करून नाण्याएवढा करी आणि नेमका कोरणीच्या टोकावर सोडी. खिडकीतून दिसणारा चंद्र तो हाच. लाकूड बॉक्स नावाच्या बुटक्या झाडाचं, पिवळट, शिंगासारखं टणक. ते दूरच्या देशांतून जहाजानं येई.

एकदा मी नुसती बघत बसले होते, तेव्हा त्यांनी मला सांगितलं होतं की ठोकळ्यावर शाईचा रूळ फिरवून तसाच छापला तर कागदावर नुसती रात्र उमटते. कोरणीनं जिथे लाकूड काढलं, तिथे शाई लागत नाही, तिथे उजेड पडतो. म्हणजे आपण काळं काही रंगवायचंच नाही, काळं असतंच. आपण फक्त उजेड आत सोडायचा. आणि एकदा सोडलेला उजेड परत घेता येत नाही.

"देवानंही असंच केलं," त्या म्हणाल्या, "पण त्याचा हात घसरत नाही."

दर नाताळला त्या आमच्या वेनहेवनच्या चर्चसाठी एक चित्र कोरत. गोठा, गव्हाण, येशूबाळ, मरिया, योसेफ आणि मेंढपाळ. नाताळाआधीच्या रविवारी उपासना संपली की घरटी एक प्रत मिळे, आणि ती वर्षभर चुलीच्या वरच्या फळीवर राही. गंमत ही की चित्रातली माणसं आमचीच असत. बेथलेहेमचे मेंढपाळ घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या कॅचपोलच्या नाकाचे असत, मरियेची शाल मासळीवालीची असे. एका वर्षी वॉल्टर धर्मशाळेचा मालक झाला होता, मरिया-योसेफला जागा नाकारत दारात हात आडवा धरून उभा. पुढचं सबंध वर्ष लोक त्याला रस्त्यात थांबवून विचारत होते, जागा आहे का हो. तो असा चिडायचा की विचारू नका.

मग लढाई सुरू झाली. किनाऱ्यावर काटेरी तारा आल्या, वाळूत सुरुंग पुरले गेले, खिडक्यांवर काळे पडदे चढले. वॉल्टर वॉर्डन झाला आणि कुणाच्या पडद्याच्या फटीतून उजेड दिसतोय का ते बघत फिरू लागला. लोकांनी त्याला आता धर्मशाळेवरून चिडवणं सोडलं आणि उजेडावरून चिडवायला घेतलं. चर्चच्या घंटा बंद झाल्या. शत्रू उतरला तरच त्या वाजणार होत्या, म्हणून सगळेजण त्या वाजू नयेत अशी प्रार्थना करू लागले. घंटा न वाजण्यासाठी प्रार्थना करायची, हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. मी आपली नुसती डोळे मिटून बसत असे.

लढाईच्या पहिल्या नाताळला मिस गॅरडनी मेंढपाळ म्हणून गल्लीतली फौजेत गेलेली पोरं कोरली. बेकरीवाल्यांचा सायलस होता, आणि गिरणीवाल्यांचे दोघे. पुढच्या उन्हाळ्यात आमची हरलेली फौज लहान लहान बोटींतून समुद्र ओलांडून घरी आली. तिघंही आले. दुसऱ्या नाताळच्या चित्रात आणखी दोघं होते. त्यांतला एक हात गमावून आला, पण आला.

तेवढं पुरलं. कुणी उघड बोललं नाही, पण बायका मिस गॅरडच्या दाराशी जायला लागल्या. एकीनं राखलेली अंडी नेली, एकीनं मधाची बाटली, एकीनं आपल्या वाट्याची साखर. नुसत्याच आल्यासारखं दाखवायच्या, आणि जाता जाता सांगायच्या की आमच्या हॅरल्डचा चेहरा कोरायला फार सोपा आहे हो. पाळकसाहेबांनी एका रविवारी प्रवचनात मूर्तिपूजेचा विषय काढला आणि मिस गॅरडकडे न बघण्याचा इतका प्रयत्न केला की सगळ्या चर्चनं त्यांच्याकडेच बघितलं. मिस गॅरडना रात्री झोप येईनाशी झाली. साखर त्या परत करत, अंडी माझ्याकडे पाठवून देत. मला एकदा म्हणाल्या की कोरणी माझी आहे, एलन, पण जीव देवाचे आहेत, आणि या बाया दोन्हींचा हिशेब माझ्याच दाराशी मागतात.

पुढच्या शरद ऋतूत डॉर्कस पास्कच्या लेमची तार आली. बेपत्ता.

डॉर्कस आणि मिस गॅरड बरोबरीच्या. रविवारच्या शाळेत एका बाकावर बसलेल्या. डॉर्कसचा नवरा बोटीबरोबर कधीच गेला होता. पदरी एकच पोर, उशिरा झालेलं. लेम्युएल, म्हणजे लेम. त्याचे कान किटलीच्या दांड्यांसारखे दोन बाजूंना निघालेले. लहानपणी तो म्हाताऱ्या गॅरडच्या पायरीवर बसून राही, आणि म्हाताऱ्यानं ठोकळ्याच्या उरलेल्या तुकड्यातून त्याला जाळं विणायची एक जाडजूड लाकडी सुई करून दिली होती. तीच सुई वापरून लेम मोठा झाला. पुढे तो सुरुंग काढणाऱ्या बोटीवर गेला, तिथे जाळ्यांचं काम नव्हतं, पोलादी तारा ओढायच्या होत्या. म्हणून सुई आईच्या स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवून गेला.

तार आली त्या दिवशीही डॉर्कसनं धुरीघराची आग विझू दिली नाही. ती रडलीही नाही. चर्चला यायचं मात्र तिनं थांबवलं.

तिच्या धुरीघराची एक रीत होती, ती इथे सांगायला हवी. काळ्याकुट्ट तुळयांखाली सळयांना हेरिंग टांगलेले असत, आणि जे मासे कुणासाठी बाजूला ठेवायचे त्यांच्यावरच्या तुळईवर डॉर्कस खडूनं एक कडं काढी. नाव नाही, काही नाही, नुसतं गोल. ज्याचं त्याला ठाऊक. कडं काढलं की त्या सळईला कुणी हात लावायचा नाही. एकदा फौजेच्या छावणीतला एक अधिकारी वाटेल ती किंमत द्यायला तयार होता. डॉर्कसनं त्याला त्या कड्याकडे बोट दाखवलं आणि पाठ फिरवली. मिस गॅरडचं कडं दाराजवळच्या तुळईवर, वर्षानुवर्षं.

तर तार आल्यानंतर काही दिवसांनी डॉर्कस मिस गॅरडकडे आली. मी तिथे कागदांवरची धूळ झटकत होते. तिनं अंडी आणली नव्हती, की मध.

"हेस्टर, यंदा लेमला घाल."

मिस गॅरडनी कोरणी खाली ठेवली.

"कोपऱ्यात चालेल. बैलाच्या मागे चालेल. कान तेवढे दिसू देत, मी ओळखीन."

"डॉर्कस, मी चित्र कोरते. माणसं परत आणणं माझ्या हातात नाही."

"बेकरीवाल्यांचा आणलास की."

"मी नाही आणला."

"मग कुणीतरी आणला ना? त्यालाच सांग. तुझं नि त्याचं बरं जमतं."

मिस गॅरड बराच वेळ गिरदीवर हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी अगदी हळू सांगितलं की मी त्याला कोरलं आणि तो आला नाही, तर तू जन्मभर तो कागद धरून दाराशी बसशील, आणि तुला तिथे मी बसवलेलं असेल. कागदावर दिलेलं वचन फाडता येतं, लाकडात कोरलेलं नाही. डॉर्कसनं सगळं ऐकून घेतलं. "बरं," एवढंच म्हणाली. त्या संध्याकाळी मी मासे आणायला गेले तेव्हा दाराजवळच्या तुळईवर बाहीनं पुसल्याचा पांढुरका फराटा होता.

त्या वर्षीच्या चित्रात मिस गॅरडनी एकही तरुण चेहरा घेतला नाही. सगळे म्हातारे आणि बायका. मला कोकरू धरून उभं केलं, आणि उजव्या टोकाला, गोठ्याच्या दाराशी, कॅचपोल. आता कुणाची आई माझ्याकडे काही मागणार नाही, असं त्या म्हणाल्या, पण सुटल्यासारख्या दिसल्या नाहीत. ठोकळा वडिलांच्या वेळचा, शेवटचा मोठा. बॉक्सचं लाकूड आणणारी जहाजं केव्हाच यायची थांबली होती.

काम जवळजवळ पुरं झालं होतं. मी दुपारी सलगमाचं सूप घेऊन गेले होते. खोलीत ती नेहमीची पाण्याखाली असल्यासारखी शांतता. कोरणीच्या टोकाशी केसाएवढी लाकडाची कुरळी ढलपी वळत होती. आणि मग परत निघालेल्या कुठल्याशा विमानानं उरलेले बॉम्ब आमच्या दलदलीत टाकून दिले. आवाज आधी पायांना कळला. काचेचा गोळा हेलकावला, उजेड भिंतीभर माशांच्या थव्यासारखा पळत सुटला, आणि गिरदीवरचा ठोकळा सरकला.

सगळं थांबल्यावर मिस गॅरडनी ठोकळ्यावर फुंकर मारली आणि बघत राहिल्या. कॅचपोलचं डोकं गेलं होतं. तिथे एक खोल ओरखडा होता, मानेपासून टोपीपर्यंत.

"बिचाऱ्याचा देवावर इतका विश्वास होता," त्या म्हणाल्या. मग त्यांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी अॅप्रन तोंडाला लावला.

अशा वेळी काय करायचं, ते वडिलांनी त्यांना शिकवलेलं होतं. बिघडलेल्या जागी गिरमिटानं आरपार भोक पाडायचं, त्यात त्याच लाकडाची खुंटी सरस लावून ठोकायची, घासून सपाट करायची, आणि खुंटीच्या डोक्यावर नव्यानं कोरायचं. पण खुंटीला बॉक्सचंच लाकूड हवं. दुसरं लाकूड कोरणीखाली फाटतं. आणि घरात काडीभरही उरलं नव्हतं. पाळकसाहेबांनी आपल्या बागेतलं बॉक्सचं कुंपण देऊ केलं. मोठ्या मनानं केलं, पण त्यातली जाडीतली जाड फांदी माझ्या करंगळीएवढी, आणि ओली. कॅचपोल स्वतः येऊन ठोकळा पाहून गेला. दिवसभर तो अधूनमधून टोपी काढून डोकं चाचपत होता.

गोष्ट गल्लीभर झाली. डॉर्कसच्याही कानावर गेली असणार. ती लगेच आली नाही. आली तेव्हा दुपार उतरली होती, आणि तिच्याबरोबर धुराचा वास आत आला. तिनं टेबलावर ती सुई ठेवली. वर्षांच्या हाताळण्यानं ती मधासारखी गुळगुळीत आणि पिवळी झाली होती.

"लाकूड हवंय म्हणे."

"ही लेमची आहे."

"तुझ्या बापाचं लाकूड. परत आणलं."

"डॉर्कस, चिरावी लागेल ही."

"ते दिसतंय मला." तिनं खुर्ची घेतली नाही. "मी काही मागायला आले नाही, हेस्टर. ती खिळ्यावर नुसती लटकलीय. तिच्याकडे बघत बघत माझ्याच्यानं स्वयंपाक होत नाही."

आणि ती गेली. मिस गॅरड सुई तळहातावर घेऊन बसल्या. गोळ्यातला उजेड तिच्यावर पडला तेव्हा सुईच्या मधोमध, जिथे लेमचा अंगठा टेकत असेल, तिथे एक उथळ खळगा दिसला. त्यांनी आधी गुडघे टेकले. मग सुईचा जाड भाग कापून त्याची खुंटी केली, सरस लावून ठोकली. मी ठोकळा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. खुंटी बसली तेव्हा त्याचा धक्का माझ्या मनगटांना लागला, आणि कुणीतरी दार लावून घरात आल्यासारखं वाटलं.

खरं तर अशी खुंटी काही आठवडे मुरू द्यायची असते. सुई खाडीच्या दमट हवेत लटकलेली होती, तिच्यात ओल होती. पण नाताळ जवळ आला होता. त्यांनी वाट बघितली नाही. नवं डोकं कोरताना मला त्यांनी टेबलाजवळ येऊ दिलं नाही. मीही गेले नाही. खिडकीबाहेरच्या धुक्यात तो उजेडाचा गोळा मात्र त्या दिवसांत नेहमीपेक्षा जास्त वेळ दिसे.

छापायच्या दिवशी वॉल्टर छापयंत्राचा दांडा ओढायला आला. कागद बियाणांच्या जुन्या कॅटलॉगांतून उरलेला. छापलेल्या प्रती लवकर सुकाव्यात म्हणून मिस गॅरडनी साठवून ठेवलेला सगळा कोळसा पेटवला. कितीतरी दिवसांनी ती खोली ऊबदार झाली. पहिला कागद मीच उचलला. काळी रात्र, तिच्यात गोठ्याचा उजेड, कोकरू घेतलेली मी. आणि उजव्या टोकाला, कॅचपोलच्या खांद्यांवर, एक पाठमोरं डोकं. गव्हाणीकडे किंचित झुकलेलं. चेहरा नाही. दोन्ही बाजूंना निघालेले कान.

वॉल्टर डोकावून म्हणाला, "कॅचपोल तरुण झाला की."

"मी कॅचपोलच कोरायला बसले होते," मिस गॅरड म्हणाल्या. "त्या लाकडातून दुसरं कुणी निघेना."

थोड्या प्रती झाल्यावर मला वाटलं माझ्या डोळ्यांवर ताण येतोय. त्या डोक्याभोवती काहीतरी होतं. पुढच्या कागदावर ते आणखी स्पष्ट झालं. केसासारखं बारीक, पांढरं, पूर्ण गोल. उबेनं खुंटीतली ओल सुकली होती, ती आखडली होती, आणि तिच्या कडेला फट सुटली होती. फटीला शाई लागत नव्हती. लेमच्या डोक्याभोवती तेजोवलय उगवलं होतं.

मिस गॅरड खाली बसल्या. आमच्या चर्चच्या रंगीत काचेत तसली वलयं आहेत, आणि ती ज्यांच्या मागे आहेत त्यांतलं कुणीही जिवंत नाही. वचन नको म्हणून त्यांनी जे टाळलं होतं, त्याच्या उलट टोकाचं त्या बोलून बसल्या होत्या. तुझं पोर गेलं, असं. तेही घराघरात. त्यांनी फटीत मेण भरून पाहिलं. दोन कागदांत ते निघून आलं. नवा कागद नव्हता, नवं लाकूड नव्हतं. पहिल्या स्वच्छ प्रतींतली सगळ्यात सुरेख निवडून त्यांनी मला डॉर्कसकडे द्यायला सांगितलं. बाकीच्या तिच्या नजरेला पडू नयेत, एवढीच आता त्यांची प्रार्थना होती. ती चर्चला येत नाही, हा त्यातला एकच आधार.

मी प्रत दिली तेव्हा डॉर्कसनं हात अॅप्रनला पुसले. चित्र लांब धरलं, मग जवळ. शेवटच्या मेंढपाळापाशी तिचं बोट थांबलं. कानावरून तिनं ते फिरवलं, कागदाला न लावता.

"केस कापायला झालेत त्याचे," ती म्हणाली.

आणि त्या रविवारी ती चर्चला आली.

घंटा नव्हतीच. लोक धुक्यातून एकेक करून आले आणि खोकत बसले. उपासना संपली, प्रती वाटल्या गेल्या. बाकांमधून एक शांतता हळूहळू सरकत गेली, शेतावरून ढगाची सावली जाते तशी. बेकरीवालीनं आपली प्रत घडी घालून पर्समध्ये टाकली. गिरणीवाली रुमाल शोधू लागली. सगळं ठीक झालंही असतं, पण डॉर्कसच्या शेजारी कॅचपोल होता, आणि कॅचपोलला ऐकू कमी येई. त्यानं आपली प्रत उंच धरली आणि साऱ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "यात माझं डोकं कुठंय?"

डॉर्कसनं बघितलं. मग छातीशी धरलेली आपली प्रत उघडून बघितली. पुन्हा त्याची. ती उठली आणि मधल्या वाटेनं मिस गॅरडच्या बाकापाशी आली. मिस गॅरड उठून उभ्या राहिल्या होत्या, बाकाची कड धरून.

"माझ्यात हे नाहीये."

"डॉर्कस, लाकूड सुकलं. खुंटी आखडली, कड सुटली. दुसरा काही अर्थ नाही त्याला. मी घातलेलं नाही ते."

"माझ्यात का नाही?"

"तुला मी चांगली प्रत दिली. डाग नसलेली."

"कडं असलेली दे."

पाळकसाहेब पायऱ्या उतरून आले. त्यांनी फार मायेनं, शब्द शोधत शोधत सांगायला सुरुवात केली की चित्रकलेत अशा वलयाचा जो अर्थ घेतात तो इथे घ्यायचं कारण नाही. डॉर्कसनं त्यांना पुरतं बोलू दिलं नाही.

"तुमच्या काचेत काय असतं ते मला माहीत नाही, पाळकसाहेब. माझ्या धुरीघरात कडं काढलं म्हणजे राखून ठेवलेलं. माणूस आज येईल, उद्या येईल. न का येईना. त्याला दुसरं कुणी हात लावत नाही."

मग ती मिस गॅरडकडे वळली. "तुझं पुसलं मी. रागात होते."

मिस गॅरडनी आपली प्रत तिच्या हातात दिली आणि बाकावर सरकून जागा केली. डॉर्कस बसली. शेवटचं गीत सुरू झालं तेव्हा दोघींनी एकच पुस्तक धरलं होतं. डॉर्कस गात नव्हती, कागदाकडे बघत होती. मी गात होते, पण मला शब्द दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दाराजवळच्या तुळईवर नवं कडं होतं, पहिल्यापेक्षा मोठं.

लेम आला नाही. वसंतात दुसरं पत्र आलं, आता बेपत्ता नव्हे, मृत धरावं असं सांगणारं. डॉर्कस ते घेऊन मिस गॅरडकडे गेली आणि तिथे, त्या पाण्यातल्यासारख्या उजेडात, ती पहिल्यांदा रडली. मिस गॅरडनी तिला कसलाही दिलासा दिला नाही. मला नंतर म्हणाल्या की मी नुसता गोळा तिच्या बाजूला वळवला, तिला ऊब वाटावी म्हणून. पुढच्या रविवारी लेमचं नाव प्रार्थनेत घेतलं गेलं, डॉर्कसनं स्वतः सांगून. बायकांचं अंडी आणि मध नेणं त्यानंतर बंद झालं. कुणी ठरवलं नाही, आपोआप झालं. मिस गॅरड पुन्हा तरुण चेहरे कोरू लागल्या. त्यांतले काही आले, काही नाही, आणि कुणी त्यांच्या दाराशी जाब मागायला गेलं नाही.

लढाई संपल्यावर जहाजं सुरू झाली, बॉक्सचं लाकूड पुन्हा मिळू लागलं. त्या ठोकळ्यात नवी, घट्ट खुंटी बसवणं मिस गॅरडना सहज जमलं असतं. त्यांनी ती बसवली नाही. त्या चित्राच्या प्रती लोक मागत राहिले, त्या छापत राहिल्या, आणि दर हिवाळ्यात खुंटी जराशी आणखी सुकून ते कडं केसभर रुंद होत गेलं. माझ्या फळीवरची प्रत पहिल्या वर्षीची आहे. तिच्यात ते नीट बघितलं तरच दिसतं. मी रोज नीट बघते.

मिस गॅरड एका नोव्हेंबरात गेल्या. झोपेत गेल्या. टेबलावर अर्धा मुळा कोरलेला होता. शवपेटी त्यांच्या कामाच्या खोलीतच ठेवली होती, काचेच्या गोळ्याखाली, आणि गोळ्यातला नाण्याएवढा उजेड झाकणावर पडून राहिला होता. वॉल्टर आणि इतर पुरुष पेटी हातांवर न्यायला आत आले, एवढ्यात डॉर्कस आली. आता ती काठीनं चालायची, पण धुराचा वास तोच होता. तिनं अॅप्रनच्या खिशातून खडूचा तुकडा काढला. कुणाकडे न बघता, सावकाश, झाकणावरच्या त्या उजेडाभोवती तिनं एक कडं ओढलं.

शवपेटीवाल्यांचा माणूस नवा होता, गावाबाहेरचा. तो फडकं घेऊन पुढे झाला. "राहू दे," मी म्हटलं.

बाहेर धुकं होतं. गल्लीतून चर्चकडे जाताना पेटी नेणारे, त्यांच्या टोप्या, पुढे चाललेले पाळकसाहेब, सगळं हळूहळू करड्यात विरघळत गेलं. ते पांढरं कडं मात्र शेवटच्या वळणापर्यंत दिसत राहिलं.